जुना टेबल सॉ आणि हरवलेली पट्टी

गेले दोन वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही. कारण सध्या गॅरेजमध्ये उभं आहे. वजन दोनशे किलोच्या आसपास, रंग करडा, वय माझ्या दुपटीहून जास्त. होय मंडळी, मी जुना टेबल सॉ विकत घेतला :-)

टेबल सॉ म्हणजे काय? आपल्याकडे वखारीत गोल करवत असते, तिचीच ही घरगुती बहीण. बिडाचं सपाट टेबल, त्याच्या फटीतून वर आलेलं १० इंची पातं, आणि लाकूड सरळ जावं म्हणून बाजूला फेन्स. लाकूड आपण हाताने ढकलायचं. मी मॅडिसनला राहतो. तिथून तासाभरावरच्या एका गावातल्या निवृत्त काकांकडे हे धूड मिळालं. सिरियल नंबरवरून साल निघालं १९५४.

सगळं तपासून झाल्यावर मी विचारलं, "याचा गार्ड कुठे आहे?"

काका हसले. "तो माझ्या वडिलांनीच काढून ठेवला होता. कुठे, ते त्यांनाच ठाऊक!"

जाहिराती चाळून चाळून एवढं कळलं होतं की जुन्या टेबल सॉबरोबर गार्ड बहुधा मिळतच नाही. सगळ्यांचेच कसे हरवले? हा प्रश्न डोक्यात बसला आणि मी इतिहासात शिरलो.

सुरुवात होते मिलवॉकीला, माझ्या घरापासून जेमतेम सव्वा तासावर. तिथे हर्बर्ट टाउट्झ नावाच्या माणसाने १९१९ मध्ये एक छोटी कंपनी काढली, तीच पुढे 'डेल्टा' झाली. महामंदीत लोकांच्या हाती पैसा नव्हता, पण वेळ मात्र होता. घरच्या तळघरात सुतारकाम करणाऱ्यांची लाटच आली. १९३३ मध्ये 'पॉप्युलर सायन्स' मासिकाच्या पुढाकाराने अशा हौशी लोकांचा देशभराचा संघसुद्धा निघाला. या माणसांना कारखान्याइतकं मजबूत, पण तळघरात मावेल असं मशीन हवं होतं.

१९३९ मध्ये डेल्टाने 'युनिसॉ' आणला. तोवर बऱ्याच टेबल सॉमध्ये तिरका काप घ्यायचा तर अख्खं टेबल कलवावं लागे. लाकूड घसरायचं, माणूस वैतागायचा. युनिसॉमध्ये टेबल जागेवर आणि पातंच कलतं. मोटर बाहेर लोंबत नाही, खालच्या पेटीत बंद असते. ही रचना इतकी जमून आली की पुढची कित्येक दशकं तिच्या गाभ्याला फारसा कोणी हात लावला नाही. १९४५ मध्ये डेल्टा रॉकवेलकडे गेली, १९८० च्या दशकात पेन्टेअरकडे, २००४ मध्ये ब्लॅक अँड डेकरकडे आणि २०११ मध्ये तैवानच्या चँग टाइपकडे. मालक बदलत राहिले, मशीन तेच. तैवानच्या कारखान्यांनी तर त्याच्या नकलाही भरपूर काढल्या.

जुनं मशीन घेणाऱ्याला याचा फायदा असा की सुटे भाग मिळतात. बेअरिंगवर नंबर असतो, तो दुकानात सांगायचा. टेबलावरची पाऊण इंची खाच आजही तीच आहे. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सत्तर वर्षांची बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी! (आमच्या प्रॉजेक्टमध्ये ती सत्तर दिवस टिकत नाही. असो.)

पण रचना टिकते तेव्हा तिच्यातली खोटही टिकते.

पात्याचे पुढचे दात लाकडाला खाली टेबलावर दाबतात, मागचे दात मात्र वर उसळत येतात. चिरलेलं लाकूड आतल्या ताणाने मिटलं किंवा फेन्स जरा तिरका असला, की मागचे दात ते लाकूड पकडतात आणि थेट आपल्या अंगावर फेकतात. याला म्हणतात किकबॅक. हिशोब करून पाहिला. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेतं, तर दाताचा वेग होतो ताशी जवळपास १९० किलोमीटर. लाकूड उडालं की त्याच्यावर टेकलेला हात पात्याकडे ओढला जातो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार तिथे दर वर्षी साधारण ३०,००० माणसं टेबल सॉच्या जखमा घेऊन इमर्जन्सीत जातात.

यावर उपाय साधा आहे. पात्याच्या मागे, चिरेमध्ये राहील अशी एक पोलादी पट्टी, म्हणजे लाकूड मिटतच नाही. १९५४ च्या युनिसॉबरोबरही ती होती. तिला स्प्लिटर म्हणत आणि गार्ड तिच्यावरच बसवलेला असे. गोची अशी की ती पात्याबरोबर कलायची, पण वर-खाली व्हायची नाही. लाकडात नुसती खाच पाडायची असेल तर पट्टी आडवी येणार. मग काढा. गार्ड तिच्यावरच, म्हणजे तोही निघाला. पुन्हा बसवायला पाना शोधा, पट्टी पात्याच्या रेषेत आणा... कोण करणार? एकदा काढलेली पट्टी भिंतीवर टांगली गेली, तिथून माळ्यावर, तिथून भंगारात.

म्हणजे काकांचे वडील निष्काळजी नव्हते. ज्या सुरक्षेसाठी दर वेळी पाना घ्यावा लागतो, ती सुरक्षा माणूस काढूनच ठेवणार. ऑफिसात पासवर्डच्या चिठ्ठ्या मॉनिटरला चिकटवणारी आपण मंडळी, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

खरा उपाय म्हणजे रायव्हिंग नाइफ. पट्टी तीच, पण पात्याबरोबर वर-खाली होणारी आणि पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली राहणारी. मग ती काढावीच लागत नाही. युरोपात ती कधीचीच रुळली होती. अमेरिकेत नव्या डिझाइनसाठी तिचा आग्रह धरला गेला २००८ च्या सुमारास. युनिसॉला ती मिळाली २००९ मध्ये. १९३९ ते २००९. एक पट्टी वर-खाली व्हायला सत्तर वर्षं!

दरम्यान स्टीव्ह गॅस नावाच्या, फिजिक्समध्ये डॉक्टरेट केलेल्या पेटंट वकिलाने १९९९ मध्ये, कातडी टेकताच पातं काही मिलिसेकंदांत थांबवणारी यंत्रणा बनवली. बड्या कंपन्यांनी ती घेतली नाही, म्हणून त्याने आणि साथीदारांनी 'सॉस्टॉप' काढली. त्यांचे पहिले सॉ २००४ मध्ये विकले गेले. पण ही यंत्रणा जुन्या मशीनला बसवता येत नाही. जुनं मशीन घेताना आपण त्याचं सालही विकत घेतो. १९५४ मध्ये बोटांची जेवढी काळजी होती तेवढीच मला मिळाली.

घ्यायला जाणाऱ्यांसाठी मी काय काय पाहिलं ते सांगतो. प्लग काढून आर्बर हाताने हलवला, खडखड नाही. वाकून आतल्या बिडाच्या ट्रनियनला तडा नाही ना, ते टॉर्चने पाहिलं, कारण मशीन हलवताना आपटलं तर तिथेच फुटतं. मोटर सिंगल फेज आहे याची खात्री केली. शाळा-कारखान्यांतली मशीनं थ्री फेज असतात, स्वस्त दिसतात आणि घरी आणल्यावर चालत नाहीत. घरी आल्यावर टेबलाचा गंज रॉकेल आणि घासणीने काढून मेण चोळलं. गिअरमधला चिकट भुसा खरवडला, पण तिथे ग्रीस लावलं नाही, त्यावर पुन्हा भुसा बसतो. टेबलाचे बोल्ट सैल करून पातं खाचेला समांतर आणलं. यात पूर्ण रविवार गेला.

रात्री बाबांना फोनवर कौतुकाने सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुझे आजोबा सांगलीला वखारीत होते. उजव्या हाताची तर्जनी पेरापासून नव्हती त्यांना. तू पाहिलं नाहीस, तू लहान होतास."

मला वाटायचं आजोबांचं बोट जन्मापासूनच तसं होतं.

"तुझं पोट बोटांवर आहे रे," बाबा म्हणाले. "बघ बाबा."

या मशीनला बसेल असा नव्या बनावटीचा स्प्लिटर मिळतो. चापाने पटकन निघतो आणि तसाच पटकन बसतो, पाना लागत नाही. ऑर्डर केलाय, पुढच्या आठवड्यात येईल. तोवर मशीनचा प्लग भिंतीत नाही, माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे.