विंचू उगवतो तेव्हा

फाल्गुनातली अमावास्या, मध्यरात्र. डोंगरकडा गावात गच्चीवर सतरंजी अंथरून तुम्ही पोरांना ग्रीकांच्या ओरायनची गोष्ट सांगताय. आपलं मृग नक्षत्र म्हणजे त्यांचा शिकारी. विंचवाने त्याचा जीव घेतला. देवांनी दोघांनाही आभाळात बसवलं, पण विंचू वर आला की शिकारी पळ काढतो. पोरं गप्प. तुम्ही डोळे मिटता.

उघडता तेव्हा शेणाचा, ओल्या कडब्याचा वास. बैल रवंथ करतायत. इसवी सनाचं पहिलं शतक, तेर गाव, तेव्हाचं तगर. कापडाने भरलेल्या गाड्या उजाडताच भडोचच्या वाटेला लागणार आहेत. शेकोटीशी एक यवन व्यापारी बसलाय. (तो तगरला आल्याचा पुरावा मागू नका. कार्ले-जुन्नरच्या लेण्यांत यवनांची दानं कोरलेली आहेत, तेवढ्या भरवशावर मी त्याला इथवर आणलाय.) मोडक्यातोडक्या प्राकृतात तो तीच गोष्ट सांगतोय, तुमच्यापेक्षा रंगवून.

गाडीवान हसतो. शिकारी कसला, ते हरीण आहे! मधल्या तीन चांदण्या म्हणजे कंबरपट्टा नाही, अंगात रुतलेला बाण. मारणारा मागे उभा आहे, तो व्याध. यवन म्हणतो, तो तर शिकाऱ्याचा कुत्रा!

हा वाद मिटणारा नाही. पण गाडीवान आग्नेयेला बोट दाखवतो. विंचवाची तांबडी ज्येष्ठा वर आलीय आणि पश्चिमेला त्या तीन चांदण्यांचं तिकांडं अजून बुडालेलं नाही. यवन दोन्हीकडे पाहत राहतो. त्याच्या गावी ज्येष्ठा उगवता उगवता तो पट्टा मावळतो. दक्षिणेकडे यावं तसा विंचू लवकर उगवतो; गोष्ट रचणारे इतक्या खाली आले नव्हते. त्यांचा शब्द मात्र आला आणि मुरला. सहाव्या शतकात वराहमिहिर बृहज्जातकात वृश्चिकाला ‘कौर्प्य’ म्हणतो, तो त्यांचा ‘स्कॉर्पिओस’च.

“सर, दोघं बी दिसायलेत की!”

तुम्ही पुन्हा गच्चीवर. पोरगं उठून उभं राहिलंय आणि त्याचं बरोबर आहे. दोन हजार वर्षांत आभाळ थोडं सरकलं, तरी मार्चच्या मध्यावर रात्री सव्वाबाराच्या सुमारास पश्चिमेला मृगाचा तांबूस काक्षी आणि आग्नेयेला ज्येष्ठा, दोन्ही क्षितिजाच्या जरा वर एकाच वेळी असतात. झाडं-घरं आड येणार नाहीत अशी जागा बघा आणि पोरांना जागं ठेवा.