एक्क्याचे वजन

दहीहंडीच्या मनोऱ्यात सर्वांत वर जाऊन हंडी फोडणाऱ्याला 'एक्का' म्हणतात. मनोऱ्याचे सारे गणित त्याच्याभोवती फिरते. थर जितके अधिक, तितके बक्षीस मोठे. आणि थर जितके अधिक, तितका एक्का हलका हवा, कारण वरच्या प्रत्येक किलोचा भार खालच्या खांद्यांवर उतरत जातो. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले. गिनेस बुकातील नोंदीनुसार त्या मनोऱ्याची उंची ४३.७९ फूट होती. म्हणजे एका थराला साधारण पाच फूट. चार मजली इमारतीच्या गच्चीएवढ्या उंचीवर हलके शरीर हवे असेल, तर ते बहुधा लहान मुलाचेच असणार.

त्या मुलाला भीती वाटली, किंवा त्याच्या आईला, किंवा तिसऱ्या थरावरच्या एखाद्या समंजस तरुणाला हे थांबवावेसे वाटले, तर त्याने ते कोणाला सांगायचे? गोविंदा पथकांचा इतिहास मुख्यतः विक्रमांचा आणि बक्षिसांचा म्हणून सांगितला जातो. या प्रश्नाच्या बाजूने पाहिले, की तोच इतिहास बराच वेगळा दिसतो.

पथक ही मूळची हौशी संस्था. मुंबईच्या गिरणगावात, चाळींच्या वस्तीत ती रुजली. गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि कामधंद्यावरून परतलेली माणसे रात्री गल्लीत किंवा मैदानात सराव सुरू करतात. कोणालाही पगार नसतो. थर लावायला शिकवणारा हा शेजारच्या खोलीतला दादा असतो. अडीअडचणीला रक्त द्यायला आणि घरातल्या मयताला खांदा द्यायलाही तोच धावतो. पथकाचे खरे सामर्थ्य या नात्यात आहे आणि तक्रारीची अडचणही तिथेच आहे. दादाविरुद्ध बोलणे म्हणजे सगळ्या चाळीविरुद्ध बोलणे. कारखान्यातल्या कामगाराला निदान युनियन तरी असते; हौशी खेळाडूला असतो तो फक्त सोबत्यांचा रुसवा.

या हौशी रचनेत पुढे पैसा आला. हंड्या पुढाऱ्यांच्या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या आणि बक्षिसे लाखांत गेली. पथकांची घडण मात्र चाळीतलीच राहिली. बाहेरून व्यावसायिक स्पर्धा आणि आतून घरगुती कारभार, असा हा विचित्र जोड होता.

त्यामुळे तक्रार आली ती बाहेरून. सामाजिक कार्यकर्त्या स्वाती पाटील यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ऑगस्ट २०१४ मध्ये नवी मुंबईत सानपाड्याला चौदा वर्षांचा एक मुलगा सरावादरम्यान पडून मरण पावला होता. त्याच महिन्यात, ११ ऑगस्टला, न्या. व्ही. एम. कानडे आणि न्या. पी. डी. कोदे यांच्या खंडपीठाने आदेश दिला: अठरा वर्षांखालील कोणीही थरांत नको आणि मनोरा वीस फुटांहून उंच नको. पाच फुटांचा हिशेब लावला, तर वीस फूट म्हणजे जेमतेम चार थर. नऊ थरांची सवय झालेल्या पथकांना हा आदेश सणावरचाच घाला वाटला यात नवल नाही. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने उंचीच्या मर्यादेला स्थगिती दिली; बारा वर्षांखालील मुलांना असलेली मनाई तेवढी उरली. २०१५ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला.

२०१६ मध्ये पारडे पुन्हा फिरले. उच्च न्यायालयाने घातलेली बंधनेच लागू राहतील, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये स्पष्ट केले आणि सणाच्या आदल्या दिवशी त्यांत सूट देण्यास नकार दिला. या खेळाने ऑलिंपिकचे एखादे पदक आणले आहे काय, अशी पृच्छाही त्या सुनावणीत झाली. (हा प्रश्न काहीसा अन्यायाचाच. पदक मिळाले असते म्हणून पडणाऱ्या मुलाची हाडे अधिक भक्कम झाली नसती.) दुसऱ्या दिवशी दादरला एका पथकाने रस्त्यावर आडवे झोपून थर लावले, तर ठाण्यात मनसेने जाहीर कायदेभंगाची हंडी बांधली. निषेधाच्या या तऱ्हा कल्पक होत्या खऱ्या; पण याचिकेत मांडलेला प्रश्न एव्हाना 'आमच्या सणांवरच बंधने का' या गदारोळात हरवून गेला होता. तक्रार बाहेरून आली, की तिला उत्तर देण्याऐवजी तक्रार करणाऱ्याची जात, पक्ष आणि हेतू तपासला जातो. आतून तक्रार करण्याची वाट नसल्याची ही किंमत आहे.

७ ऑगस्ट २०१७ रोजी प्रकरण तात्पुरते निकाली निघाले. सर्वोच्च न्यायालयाने ते परत पाठवल्यावर न्या. भूषण गवई आणि न्या. एम. एस. कर्णिक यांच्या खंडपीठाने उंचीवर मर्यादा घालण्यास नकार दिला. चौदा वर्षांखालील मुले सहभागी होणार नाहीत, ही राज्य सरकारची हमी मात्र नोंदवून घेतली. अशा रीतीने वयाची अट राहिली आणि उंचीची गेली. पण एक्क्याच्या वजनाने या दोन्ही अटी एकमेकींना बांधलेल्या आहेत. उंची मोकळी सोडली, की ती वयाच्या अटीला सतत टोचत राहते.

याच काळात क्रीडा क्षेत्रातल्या दुसऱ्या एका प्रकारच्या तक्रारीसाठी कायद्याने वाट आखून दिली होती. छत्रपती संभाजीनगरात ती डोळ्यांसमोर दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. तिथे तलवारबाजी, मुष्टियुद्ध, हॉकी असे खेळ शिकवले जातात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने क्रीडासंस्था, स्टेडियम आणि प्रशिक्षणाच्या जागा 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत घेतल्या आहेत. त्यामुळे अशा ठिकाणच्या खेळाडू मुलीला अंतर्गत समितीकडे जाता येते. मुलांवरील लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ चा पॉक्सो कायदा आणखी पुढे जातो: त्याच्या १९ व्या कलमान्वये अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन आहे आणि न कळवणे हाही गुन्हा ठरतो. कागदावरची समिती प्रत्यक्षात असतेच असे नाही. २०२३ मध्ये कुस्तीगीर जंतर मंतरवर बसले तेव्हा उघड झाले, की देशातल्या तीस राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी जवळपास निम्म्यांनी ही अट धड पाळलेली नव्हती. तरीही वाट आहे, आणि ती नसेल तर जाब विचारता येतो.

त्याच शहरात गुलमंडीला किंवा क्रांती चौकात थर लावणाऱ्या पोराच्या वाट्याला काय येते? सणाच्या दिवशी बंदोबस्त, रुग्णवाहिका, दोर आणि कॅमेरे. २०२२ पासून सरकारी मदतीची घोषणाही आहे: मृत्यू झाल्यास कुटुंबाला दहा लाख रुपये. पण ही सारी व्यवस्था पडल्यानंतरची किंवा पडण्याच्या क्षणाची आहे. सरावाच्या पाचव्या रात्री 'हा मुलगा बारा वर्षांचा आहे, याला चढवू नका' असे म्हणणाऱ्याचे ऐकून घेण्याची जबाबदारी कोणावरही टाकलेली नाही.

स्पेनमधल्या कॅटलोनियात 'कास्टेल' नावाचे असेच मानवी मनोरे रचतात आणि तिथेही टोकावर लहान मूलच चढते. २००६ मध्ये मातारो शहरातल्या बारा वर्षांच्या एका मुलीचा मनोऱ्यावरून पडून मृत्यू झाला. त्यानंतर वरच्या थरांतील मुलांच्या डोक्यावर हेल्मेट सक्तीने आले. मुलांना चढवणे तिथे थांबलेले नाही, आणि म्हणून तो आदर्श मानावा असेही नाही. पण तिथल्या पथकांची १९८९ पासून स्वतःची समन्वय संस्था आहे. हेल्मेटचा बदल पथकांनी आपल्यातच घडवला. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत दहिसरला एका पथकाच्या सरावात वरच्या थरावरून पडून अकरा वर्षांचा मुलगा दगावला. चौदा वर्षांची अट तेव्हा आठ वर्षे जुनी झाली होती. सराव कोणाच्या बंद दाराआड चालत नाही. तो वस्तीच्या डोळ्यांदेखत चालतो. सुरक्षेची साधने पुरवली नाहीत म्हणून पोलिसांनी पथकाच्या अध्यक्षावर गुन्हा नोंदवला. या मुलाविषयीची पहिली अधिकृत नोंद झाली ती अशी, त्याच्या मृत्यूनंतर.

आठवडाभराने, १६ ऑगस्टला, ठाण्यात कोकण नगर पथकाने दहा थर लावून नवा विक्रम केला. पाच फुटांच्या हिशेबाने ही उंची पन्नास फुटांच्या घरात जाते.