मोडलेल्या मणक्यातील रक्ताभिसरण आणि जालन्याचे दप्तर

जालना जिल्ह्याच्या आरोग्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पहिली अडचण नावाचीच येते. १ मे १९८१ पूर्वी हा जिल्हा नव्हता. त्याआधीचे कागद औरंगाबाद व परभणीच्या नावाखाली, आणि १९४८ पूर्वीचे निजामी दप्तरात पाहावे लागतात. दुसरी अडचण अधिक खोल आहे. पटकी, प्लेग यांची नोंद सरकार ठेवी. परंतु कपाशी वेचता वेचता म्हातारीचा मणका मोडला, तर तो रोग म्हणून गणलाच जात नसे. त्याला वार्धक्य हे नाव तयार होते.

वैद्यकाचीही दृष्टी सावकाशच उघडली. हॅम्बुर्गचे शल्यचिकित्सक हर्मान कुमेल यांनी १८९५ मध्ये असे रुग्ण वर्णिले की, जे किरकोळ आघातानंतर काही काळ बरे दिसत आणि मग आठवड्यांनी, महिन्यांनी त्यांचा मणका खचे. रंटगेन यांना क्ष-किरण गवसले ते त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरला. तेव्हा कुमेल यांचा आधार मुख्यतः रुग्णाची हकीकत हाच होता, हे विसरता कामा नये. ऋतुनिवृत्तीनंतरच्या अस्थिसुषिरतेचे स्वतंत्र वर्णन फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ च्या सुमारास केले. मणक्यातील रक्तपुरवठा तुटल्याने हाड मृत होऊन खचते, हा तर्क मागाहून बळावला. पण क्ष-किरणांना हाडाचा आकार दिसतो, रक्त दिसत नाही.

ती उणीव चुंबकीय अनुस्पंदनाने भरून काढली. लॉटरबर यांची पहिली प्रतिमा १९७३ ची. गॅडोलिनियमयुक्त द्रव्य १९८८ पासून अमेरिकेत वापरात आले. ते शिरेत टोचून मणक्याच्या प्रतिमा काही मिनिटे एकामागून एक घेतल्या की, रक्त पोचते तो भाग उजळतो, निर्जीव भाग काळाच राहतो. तो काळा भाग मोठा असेल, तर हाड सांधण्याची आशा कमी धरावी लागते. मात्र उजळणे म्हणजे निर्धोकपणा नव्हे, कारण कर्करोगाने पोखरलेला मणकाही उजळतो. शिवाय मूत्रपिंड फार दुबळे असलेल्यास हे द्रव्य जपून द्यावे लागते, आणि असे रुग्ण बहुधा वृद्धच असतात.

हाँगकाँगच्या संशोधकांनी २००५ मध्ये याच पद्धतीने पुरुषांचे मणके तपासले. ज्यांचे हाड सुषिर झाले होते, त्यांच्या मज्जेत मेद अधिक व रक्ताचा ओघ कमी आढळला. रक्ताची ही ओहोटी तर मोडण्याची वाटही पाहत नाही!