आचार्यपदाची वाट

विद्यापीठांच्या अध्यापकवर्गात स्त्रिया किती, हा प्रश्न आजचा वाटतो. त्याची मुळे मात्र इटलीतील दोन जुन्या विद्यापीठांत सापडतात. आणि त्या इतिहासात ख्रिस्तसभेचा वाटा दुहेरी आहे.

व्हेनिसच्या विदुषी एलेना कोर्नारो पिस्कोपिया यांना ईशज्ञानाची डॉक्टरेट द्यावी, असा प्रस्ताव पादुआ विद्यापीठापुढे आला. तेथील बिशप कार्डिनल ग्रेगोरिओ बार्बारिगो यांनी तो अमान्य केला. स्त्रीने ईशज्ञानाचे आचार्यपद भूषवावे, हे त्यांना पटणारे नव्हते. अखेर तडजोड झाली. २५ जून १६७८ रोजी पादुआच्या महामंदिरात परीक्षा होऊन एलेना यांना तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळाली.

अर्धशतकानंतर बोलोन्यात वेगळे चित्र दिसते. १७३२ साली लाउरा बास्सी यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी त्यांना सवेतन अध्यापकपदही लाभले. तेथील आर्चबिशप लाम्बेर्तिनी त्यांचे पाठीराखे होते. तेच १७४० साली पोप बेनेडिक्ट चौदावे झाले. १७५० साली त्यांच्याच पुढाकाराने गणितज्ञ मारिया आन्येसी यांची बोलोन्यात नेमणूक झाली. आन्येसी मात्र तेथे शिकवावयास गेल्या नाहीत. मिलानमधील दीनदुबळ्यांच्या सेवेत त्यांनी आयुष्य वेचले. बास्सी यांना सार्वजनिक व्याख्यानासाठी सिनेटची अनुमती लागे. म्हणून त्यांनी घरीच प्रयोगांसह भौतिकशास्त्र शिकवले. प्रायोगिक भौतिकशास्त्राचे अध्यासन त्यांना मिळाले ते १७७६ साली, मृत्यूच्या दोन वर्षे आधी!

आश्रयदात्याच्या कृपेने दार उघडते, तेव्हा एकच व्यक्ती आत जाते. तिच्यामागून येणाऱ्यांसाठी वाट तयार होत नाही. शिवाय प्रत्येक विद्याशाखेचे दार निराळे असते. तत्त्वज्ञानाचे उघडले, तरी ईशज्ञानाचे मिटलेलेच राहिले. आविलाची संत तेरेजा आणि सिएनाची संत कॅथरीन यांना ख्रिस्तसभेने आचार्य घोषित केले ते १९७० साली.

आपल्या देशातील २०२०-२१ च्या सरकारी पाहणीनुसार उच्च शिक्षणात दर शंभर पुरुष अध्यापकांमागे ७५ स्त्रिया होत्या. ही प्रगती आनंददायी खरी. पण सरासरीच्या आड विषयाविषयांतील दरी झाकली जाते. आयआयटीसारख्या संस्थांत स्त्री अध्यापक आजही थोड्याच आहेत.

वाचकहो, आपली कन्या गणितात वा यंत्रविद्येत रमत असेल, तर 'मुलीला हे कशाला?' असे म्हणून तिला अडवू नका. लाम्बेर्तिनींसारखा पाठीराखा प्रत्येकीला लाभत नाही. आईवडील मात्र प्रत्येकीला पाठीराखे होऊ शकतात.