विल्यम हॅरिसन फॉल्सम
१. विल्यम फॉल्सम (१८१५–१९०१) : मजकुरात त्यांचा उल्लेख नुसता ‘कंत्राटदार’ असा आला आहे, तो फारच अपुरा आहे. फॉल्सम १८६० मध्ये सॉल्ट लेक सिटीत आले आणि वर्षभरात मॉर्मन चर्चचे वास्तुविशारद झाले. तिथल्या टॅबरनॅकल सभागृहाच्या लाकडी जाळीच्या कैच्या पूल बांधणाऱ्या हेन्री ग्रो यांच्या, पण आराखड्यात फॉल्सम यांचा वाटा मोठा. सुमारे १५० फूट रुंदीचे ते छत मध्ये एकही खांब न घेता उभे आहे : सांध्यांना लाकडी खुंट्या, तडकलेल्या लाकडांना कच्च्या चामड्याचे वेढे. तरीही त्यांचे सर्वांत देखणे काम मॅन्टाय येथील मंदिरच (१८८८). त्याचा फिकट पिवळसर चुनखडक तिथल्याच टेकडीतला आहे. — संपा.