एकच लॉगिन, पण किल्ली कुणाकडे?

आपलं नाव, काम, कुणाशी ओळख, हे संगणकाला वाचता येईल अशा ठरावीक रचनेत मांडायचं, ही ‘फ्रेंड ऑफ अ फ्रेंड’ योजना २००० मधली. २००५ मध्ये लाइव्हजर्नलच्या ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ‘ओपनआयडी’ आणलं. वेब पत्ता हीच ओळख. तिची खात्री कोण देणार, ते वापरणाऱ्याने ठरवायचं. कल्पना झकास, पण लॉगिनला वेब पत्ता टाकणं लोकांच्या पचनी पडलं नाही. २००८ मध्ये ‘फेसबुक कनेक्ट’ आलं. एक बटण दाबलं, काम झालं! मात्र खात्री देणारी कंपनी एकच. तिथलं खातं बंद पडलं, की त्यावरून उघडलेली बाकीची खातीही अडकू शकतात. अशा खात्यांना दुसरा ईमेल आणि स्वतंत्र पासवर्ड आधीच जोडून ठेवलेला बरा.