राबाचा मागोवा

मे महिन्यात वसईच्या पूर्वेला, पारोळ-भाताण्याकडे गेलं की खाचरांच्या कडेला काळे चौकोन दिसतात. ते राब. खाली शेण, त्यावर ऐनाच्या फांद्या, मग पातेरा नि गवत, वरून मातीचा पातळ थर. आग भडकू द्यायची नाही, धुमसत ठेवायची. मृगाच्या पावसावर त्या काळ्या मातीत भात पेरायचा, रोप वीतभर झालं की आवणी.

वसई ठाणे जिल्ह्यात होती तेव्हा या फांद्यांनी, म्हणजे कवळाने, मोठं भांडण उभं केलं. जंगलखात्याला ती झाडांची नासाडी वाटे. शेतकरी म्हणत, कवळ नाही तर रोप नाही. ठाणे-कुलाब्याची गाऱ्हाणी ऐकायला 1885 मध्ये सरकारला आयोगच नेमावा लागला.

पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासह राबाचा अभ्यास केला. तो 1912 मध्ये प्रसिद्ध झाला. गुण राखेचा की आगीचा, हा प्रश्न तेव्हा जगभर ताजा होता. इंग्लंडच्या रोथॅमस्टेडमध्ये रसेल आणि हचिन्सन यांनी 1909 मध्येच दाखवलं होतं, की माती तापवली की पिकाला मिळणारं नत्र वाढतं. ज्यांना अडाणी म्हटलं, त्यांच्या रीतीत काही तथ्य होतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पण जो पातेरा कुजून माती घडवायचा, तो राबात एका दिवसात जळून जातो. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी उलटी वाट धरली. गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. राब नाही, चिखलणी नाही, आवणीही नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. ती तिथेच कुजतात, मातीला सेंद्रिय कर्ब मिळतो, गांडुळं परततात. या तंत्राला 'एसआरटी' म्हणतात.

एक गोष्ट मात्र मला अडते. राबाची आग तणाचं बीही जाळायची. एसआरटीत ते काम बरंचसं तणनाशकावर येतं. म्हणून कर्ब मोजताना तणही मोजलं पाहिजे, आणि तेही इथल्याच खाचरांत. डोक्यावर कवळाचा भारा घेऊन उतरणाऱ्या बाईला आधी हेच विचारायचं असेल: भारा सुटला, पण बेणणीला किती दिवस वाकायचं?